सूत्रातून वंश काढा, नोंदीतून नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेल्या पंधरवड्यात अमेरिकेतल्या आरोग्यसेवेबद्दल एक पत्र आलं होतं. लेखक मुलीकडे सहा महिने राहून परतले आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तिकडे कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांच्या आरोग्यात जी तफावत दिसते ती पैशाची आणि राहणीची आहे, वंशाचा त्याच्याशी संबंध नाही. सरकार दवाखान्यातल्या प्रत्येक कागदावर वंश विचारतं आणि भेद जिवंत ठेवतं. तो रकानाच काढून टाकला तर वाद मिटेल.

पत्र सद्भावनेनं लिहिलेलं आहे, ते वाचताना जाणवतं. बाहेरून पाहणाऱ्याला असं वाटणं स्वाभाविकही आहे. मी मात्र बावीस वर्षं अमेरिकेत किडनीच्या रुग्णांची नर्स होते. त्यातली शेवटची सोळा वर्षं जॉर्जिया राज्यात गेली, आधी किडनीच्या ओपीडीत आणि मग डायलिसिसला. २०२४ मध्ये निवृत्त झाले. त्या रकान्याशी माझा रोजचा संबंध होता, म्हणून हे लांबलेलं पत्र लिहिते आहे. जागा असेल तेवढं छापावं.

ओपीडीत असताना रोज सकाळी रक्ताचे रिपोर्ट माझ्यासमोर यायचे. त्यात किडनी किती काम करते त्याचा आकडा असायचा. रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंत तयार होणारा आणि किडनीनं बाहेर टाकायचा कचरा), वय आणि स्त्री की पुरुष यावरून तो सूत्रानं काढतात. धडधाकट तरुण माणसाचा शंभराच्या आसपास येतो. तो आकडा आमच्या कागदावर दोन ओळींत छापलेला असायचा. एका ओळीत 'आफ्रिकन अमेरिकन नसल्यास' आणि खालच्या ओळीत 'आफ्रिकन अमेरिकन असल्यास'. रक्त एकच, नळी एकच, यंत्रातून गेलेलं एकदाच, आणि उत्तरं दोन. समोरच्या माणसाकडे बघून योग्य त्या ओळीला पेनानं गोल करायचा आणि कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा, हे माझं काम. मी शेकडो गोल केले असतील. हे असं का, असा प्रश्न मला कित्येक वर्षं पडला नाही, याची आज लाज वाटते.

त्यामागचं कारण असं होतं. काही अभ्यासांत, किडनीचं काम तेवढंच असूनही, कृष्णवर्णीय सहभागींचं क्रिएटिनिन सरासरीनं जास्त आढळलं होतं. त्यांचे स्नायू जास्त असतील, असा तर्क लावला गेला, आणि त्यांचं उत्तर सरळ एका संख्येनं गुणायचं ठरलं. २००९ च्या सूत्रात ती संख्या १.१५९ होती, त्याच्या आधीच्या सूत्रात १.२१२. म्हणजे कृष्णवर्णीय माणसाची किडनी कागदावर सोळा ते एकवीस टक्के बरी दिसायची. माणूस हाडकुळा असो की पैलवान, आई गोरी असो की वडील, गुणाकार तोच.

माझा स्वतःचा रिपोर्ट आला की मी वरची ओळ वाचायचे. माझा रंग आमच्या कित्येक कृष्णवर्णीय रुग्णांपेक्षा उजळ नाही. पण त्या सूत्रात प्रश्न एकच होता, आणि त्याच्या उत्तरात मी 'नसल्यास' मध्ये बसत होते.

एक बाई मला विसरता येत नाहीत. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायच्या. २०१३ मध्ये त्यांचा रिपोर्ट आला त्यात वरच्या ओळीत १८ होते, खालच्या ओळीत २१. अमेरिकेत आकडा २० किंवा त्याखाली आला की किडनी प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालता येतं आणि रांगेतला काळ मोजायला सुरुवात होते. आधी नाव घातलेलं नसेल तर पुढे डायलिसिस सुरू होईल त्या तारखेपासून काळ धरतात. मी २१ ला गोल केला. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, अजून थोडा अवकाश आहे. बाईंनी खुशीनं माझा हात दाबला. त्या दिवशी त्यांच्याच वयाची एखादी गोरी बाई तेच रक्त घेऊन आली असती तर तिला प्रत्यारोपण केंद्राची चिठ्ठी मिळाली असती. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, त्यांचं डायलिसिस सुरू झालं. रांगेतला काळ तिथून मोजला गेला. २०२० मध्ये त्या गेल्या, यादीत नाव असताना.

आता पत्रलेखकांच्या मुद्द्याकडे येते. पैसा. अमेरिकेत पैशावाचून उपचार अडतात हे खरं आहे आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. पण किडनी हा नेमका असा आजार आहे की त्यात तो युक्तिवाद टिकत नाही. १९७२ च्या कायद्यानं तिथल्या सरकारनं ठरवलं की किडनी निकामी झालेल्या माणसाचं वय काहीही असो, त्यानं किंवा त्याच्या जोडीदारानं कामाची ठरावीक वर्षं भरलेली असली तर डायलिसिसचा आणि प्रत्यारोपणाचा खर्च मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना उचलेल. दुसऱ्या जवळपास कुठल्याही मोठ्या आजाराला तिथे असं छत्र नाही. शाळेतल्या त्या बाईंचं डायलिसिस सरकारच्याच पैशानं झालं. त्यांना पैशानं मागे ठेवलं नाही, एका गुणाकारानं ठेवलं. लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १३ टक्के आहेत, किडनी निकामी झालेल्यांत मात्र त्यांचा वाटा जवळपास एक तृतीयांश. तेव्हा हा गुणाकार किती घरांत शिरला असेल त्याचा अंदाज करावा.

हे फक्त किडनीपुरतं आहे असंही नाही. अमेरिकी संसदेनं १९९९ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनला या तफावतीचा अभ्यास करायला सांगितलं. त्यांचा अहवाल २००३ मध्ये छापून आला. विमा आणि उत्पन्न सारखं धरलं तरी अल्पसंख्य समाजांना मिळणारे उपचार कमी दर्जाचे असतात, असा त्याचा निष्कर्ष होता. बाळंतपणाचं बघा. २०२३ मध्ये तिथे दर एक लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या बायकांत १४.५ मातामृत्यू झाले आणि कृष्णवर्णीय बायकांत ५०.३. हे आकडे सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राचे आहेत, आणि वंशाचा रकाना आहे म्हणूनच ते आपल्याला माहीत आहेत.

तो गुणाकार पुढे कसा काढला गेला, हा या पत्राचा गाभा आहे.

सुरुवात सरकारनं केली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. वैद्यकीय महाविद्यालयांतली मुलं वर्गात विचारू लागली की हे गुणायचं कशासाठी. मग एकेका मोठ्या रुग्णालयानं तो गुणक आपल्यापुरता बंद केला. २०२१ मध्ये किडनीतज्ज्ञांच्या संघटनेनं आणि नॅशनल किडनी फाउंडेशननं मिळून नेमलेल्या गटानं वंश वगळून तयार केलेलं नवं सूत्र वापरायची शिफारस केली. शिफारस चांगलीच होती. पण शिफारशीनं आमच्या ओपीडीसारख्या ठिकाणी काय होतं ते मी सांगते. प्रयोगशाळा म्हणते संगणकातली रचना बदलायला वेळ लागेल. डॉक्टर म्हणतात रुग्णांचा गोंधळ होईल. जुना कागद चालू राहतो. यात कुणाचा दुष्टपणा नसतो, कामाच्या रगाड्यात राहून जातं एवढंच.

रगाडा थांबला तो हुकमानं. अवयव वाटपाची तिथली राष्ट्रीय यंत्रणा १९८४ च्या कायद्यानं उभी राहिली आहे आणि केंद्र सरकारच्या कराराखाली चालते. तिचे नियम प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राला पाळावेच लागतात. जुलै २०२२ पासून तिनं यादीसाठी वंशाचा गुणक वापरायला मनाई केली. इथेच थांबली असती तर पुढच्यांचं भलं झालं असतं आणि मागच्यांवर झालेला अन्याय तसाच राहिला असता. जानेवारी २०२३ मध्ये दुसरा नियम आला आणि तो मला फार मोठा वाटतो. प्रत्येक केंद्रानं आपल्या यादीतल्या कृष्णवर्णीय रुग्णांचे जुने कागद एका वर्षाच्या आत शोधायचे, गुणाकार काढून टाकल्यावर आकडा २० किंवा त्याखाली कधी आला होता ते पाहायचं, त्या तारखेपासूनचा काळ त्यांना रांगेत द्यायचा, आणि हे त्या प्रत्येकाला कळवायचं. 'ज्यांना वाटेल त्यांनी अर्ज करावा' अशी पळवाट त्यात नव्हती. शोधायची जबाबदारी केंद्रांवर टाकली होती. पुढच्या सव्वा वर्षात १४ हजारांहून अधिक लोकांचा रांगेतला काळ वाढवून मिळाला, सरासरीनं दोन वर्षांनी.

आमच्या डायलिसिस केंद्रात तसं एक पत्र आलेलं मी पाहिलं आहे. सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळच्या पाळीत शाळेच्या बसवर चालक असलेले एक गृहस्थ यायचे. चार तासांचं डायलिसिस, डाव्या हाताच्या फिस्टुलात (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेनं जोडलेल्या रक्तवाहिनीत) दोन जाड सुया. फिस्टुलावर बोटं ठेवली की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते, ती बघूनच आम्ही सुई घालतो. एकदा सुया लागल्या की तो हात हलवायचा नाही. त्यांनी त्या दिवशी पाकीट सोबत आणलं होतं आणि एका हातानं ते उघडेना. मला म्हणाले, मॅम, जरा वाचून दाखवा, प्रत्यारोपण केंद्राकडून आलंय, यादीतून नाव काढलं असेल तर आताच कळू दे.

मी उभ्या उभ्या वाचलं. त्यात लिहिलं होतं की २०१७ मधल्या तुमच्या तपासणीत जे सूत्र वापरलं त्यानं तुमच्या किडनीचं काम आहे त्यापेक्षा जास्त दाखवलं, म्हणून तुमचा रांगेतला काळ आता २०१९ ऐवजी २०१७ पासून धरला आहे. त्यांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. मग विचारलं, म्हणजे ते कबूल करतायत का? मी म्हटलं, हो, कबूल केलंय. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. त्यांचं मशीन वाजायला लागलं, कारण त्यांनी हात हलवला होता. पुढच्या वर्षी त्यांना किडनी मिळाली.

शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बाईंना असं पत्र येणार नव्हतं. नियम यादीत हयात असलेल्यांसाठी होता.

सरकारवर तिथल्या कृष्णवर्णीय माणसांचा विश्वास बसत नाही, हेही मला पत्रलेखकांना सांगायचं आहे, कारण त्यांनी 'ते लोक वेळेवर डॉक्टरकडे जात नाहीत' असं लिहिलं आहे. आमच्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर अलाबामातलं टस्कीगी आहे. तिथे सरकारच्याच सार्वजनिक आरोग्य सेवेनं १९३२ पासून १९७२ पर्यंत सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास चालवला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन हे त्यावरचं औषध म्हणून सर्रास मिळू लागल्यावरही त्यांना ते दिलं नाही, आजार पुढे कसा जातो ते बघत राहिले. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये. माझ्या रुग्णांपैकी काहींच्या आजोबांच्या पिढीतली ही गोष्ट आहे. नवं औषध सुचवलं की ते आधी माझ्या तोंडाकडे बघायचे. मी ते मनाला लावून घेत नसे.

पण त्याच सरकारनं मनावर घेतलं तेव्हा काय झालं, तेही त्या लोकांना आठवतं. १९४६ च्या कायद्यानं रुग्णालयं बांधायला केंद्राचा पैसा दिला आणि 'वेगळं पण समान' असेल तर काळ्या-गोऱ्यांची सोय निरनिराळी ठेवायला मुभाही दिली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात मग एक कलम आलं, की सरकारी पैसा घेणाऱ्यानं वंशावरून भेद करायचा नाही. कायदा झाला म्हणून काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या दारांवरच्या पाट्या उतरल्या नाहीत. त्या उतरल्या १ जुलै १९६६ ला मेडिकेअर सुरू होणार होतं म्हणून. वॉर्ड एकत्र केले नाहीत तर मेडिकेअरचा पैसा नाही, असं सरकारनं कळवलं आणि माणसं पाठवून खात्री करून घेतली. वर्षानुवर्षं 'आमच्याकडे शक्य नाही' म्हणणारी हजाराच्या आसपास रुग्णालयं चार महिन्यांच्या आत बदलली.

माझ्या एक वृद्ध रुग्ण तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या गावच्या रुग्णालयात काळ्यांचा वॉर्ड तळघरात होता, वाफेच्या पाइपांखाली. त्यांच्या धाकट्या भावाचा जन्म तिथलाच. त्या उन्हाळ्यात आईला घेऊन गेल्या तर दारावरची पाटी गायब, आणि पाटीच्या जागी भिंतीचा रंग चौकोनभर उजळ. तिथल्या कारकुनानं काही न बोलता वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं. त्यांनी ही गोष्ट मला इतक्यांदा सांगितली की तो उजळ चौकोन मीच पाहिल्यासारखा वाटतो.

सरकारनं नुसता सल्ला दिला की काय होतं याचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर. कातडीचा रंग गडद असेल तर ते कधीकधी ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं. २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की ऑक्सिजन घसरलेला असूनही ऑक्सिमीटरवर ठीक दिसणं हे कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट घडत होतं. यंत्राच्या चाचणीत गडद कातडीची किमान दोन माणसं किंवा पंधरा टक्के सहभागी असावेत, एवढीच तोवर अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाची सूचना होती. दोन माणसं! चाचणीत किमान दीडशे माणसं आणि कातडीच्या रंगांची पूर्ण श्रेणी घ्यावी असा मसुदा यायला जानेवारी २०२५ उजाडलं. गडद कातडीत आपणही आलो.

आणि सरकारनं हात झटकले की काय होतं? ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत अशा, बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या मजुरांना मेडिकेअर नाही. बऱ्याच राज्यांत त्यांना डायलिसिस मिळतं ते फक्त जीव धोक्यात असेल तेव्हा. म्हणजे पोटॅशियम चढू द्यायचं, फुप्फुसांत पाणी भरू द्यायचं, मग इमर्जन्सीच्या दारात बसायचं. गवंडीकाम करणारा एक तरुण मी एका रुग्णालयात असा आठवड्याला येताना पाहिला. रक्ताचा आकडा पुरेसा वाईट नाही म्हणून त्याला परत पाठवलेलंही पाहिलं. जाताना तो मला स्पॅनिशमध्ये धन्यवाद म्हणाला. हे नियमित डायलिसिसपेक्षा महाग पडतं आणि माणसं लवकर मरतात. कोलोरॅडो राज्यानं २०१९ मध्ये 'तातडीची गरज' या शब्दांच्या व्याख्येत किडनी निकामी होणं घातलं आणि तिथे अशा रुग्णांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसची खुर्ची मिळू लागली. त्यासाठी नवा कायदासुद्धा करावा लागला नाही.

तर पुन्हा त्या रकान्याकडे. उपचार ठरवणाऱ्या सूत्रात वंश घालणं चूक होतं, आणि ते काढायला सरकारी नियम लागला. पण रुग्णाच्या नोंदीत वंश ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि पत्रलेखकांनी दोन्हींची गल्लत केली आहे. उलट तो रकाना अजून बारीक हवा. 'आशियाई' या एका चौकटीत आपण, चिनी, फिलिपिनो सगळे कोंबलेले असतो, आणि त्या सरासरीत आपला मधुमेह हरवतो. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी सरकारनं आपल्या नोंदींसाठी नवी पद्धत जाहीर केली, त्यात आशियाईंमधले गट वेगळे विचारायचे आहेत. पत्रलेखकांच्या मुलीला पुढच्या खेपेस फॉर्मवर 'एशियन इंडियन' अशी चौकट दिसली तर तिनं ती जरूर भरावी.

आमच्या भागातल्या प्रत्यारोपण केंद्रात ते जुने कागद शोधण्याचं काम करणारी एक मुलगी माझ्या ओळखीची आहे. तिला विचारलं, सुरुवात कुठून केलीस? ती म्हणाली, यादीतल्या ज्यांच्या नोंदीत 'कृष्णवर्णीय' लिहिलंय त्यांची नावं आधी काढली, मग एकेकाच्या जुन्या प्रयोगशाळेला फोन. काही रुग्णांचा तो रकाना कुणी भरलेलाच नव्हता. त्यांच्यापर्यंत पोहोचायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आपली नम्र,
एक निवृत्त नर्स

(रुग्णांची ओळख पटू नये म्हणून माझं नाव व गाव छापू नये, ही विनंती.)